कर्नलच्या नावावर पडलेले सव्वीस सेकंद

चोपड्याच्या एका महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते. आमच्या लॅबमधली नवी मशीनं चालू व्हायला जवळपास मिनिटभर घेत होती. त्याचं कारण सापडणं, ते पुरवठादाराला पटवणं आणि शेवटी दुरुस्त करणं यात जानेवारी ते जून २०२५ असा काळ गेला. खरा तांत्रिक शोध थोड्या दिवसांचा होता, बाकीचा वेळ पत्रांनी खाल्ला. या सगळ्यात मी फार अडखळत होते आणि मराठीत वाचायला काही मिळालं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

मशीनं डिसेंबर २०२४ मध्ये आली. तीस छोटे डेस्कटॉप, आठ जीबी रॅम, एसएसडी. खोकी उघडली, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, मी सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. पहिले काही आठवडे उशीर कुणाच्या लक्षात आला नाही, कारण सकाळी एकदा चालू केलेली मशीनं संध्याकाळीच बंद व्हायची.

जानेवारीत लाइट जायला लागली तेव्हा ते जाणवलं. आमच्याकडे इन्व्हर्टर फक्त सर्व्हर आणि स्विचला आहे, लॅबला नाही. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये लाइट दोनदा गेली की दोन्ही वेळा सगळा वर्ग काळ्या पडद्याकडे बघत बसायचा. आमचे शिपाई नाना दारातून ओरडायचे, "मॅडम, लाइट उनी! आते कव्हय चालू व्हतीन ह्या?" (लाइट आली, आता ह्या कधी चालू होतील?) आणि मला उत्तर देता यायचं नाही. कंपनीचा लोगो यायचा, जायचा, मग पडदा काळा. कर्सरसुद्धा नाही. मुलं तेवढ्यात पॉवरचं बटण परत दाबायची आणि सगळं पहिल्यापासून.

ज्याला विचारलं त्याचा वेगळा अंदाज. कुणी म्हणालं एसएसडी हलकी आहे, कुणी म्हणालं रॅम वाढवा, एकाने तर लिनक्सच काढून टाकायला सांगितलं. रॅमसाठी टिपणी करायची म्हणजे खरेदी समितीपुढे जायचं, तीन कोटेशनं आणायची. आकड्यांशिवाय ते करायला माझं मन धजेना.

पहिला आकडा सिस्टमडी-ॲनालाइझ या आज्ञेने दिला. ती मशीन सुरू होण्याचे टप्पे वेगवेगळे दाखवते. आमचे असे होते: फर्मवेअर (बोर्डावरचा बायोस) ८.१ सेकंद, लोडर (ऑपरेटिंग सिस्टम चढवणारा ग्रब) ५.६, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३१.४, युजरस्पेस (त्यानंतर सुरू होणाऱ्या सेवा) ९.२. म्हणजे एकूण चोपन्नच्या वर, आणि त्यातले एकतीस एकट्या कर्नलचे. लोडरचे पाच सेकंद म्हणजे ग्रबचा मेन्यू थांबतो तेवढेच, ते ठरवून ठेवलेले असतात. याच आज्ञेला ब्लेम जोडलं की सेवांची यादी येते आणि बहुतेक जण तिथेच शोधत बसतात. पण ती यादी युजरस्पेसची आहे. कर्नलमधला उशीर तिच्यात कधीच दिसणार नाही.

इथे डेबियनवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डेबियनचं नेहमीचं इनिटरॅमएफएस (मुख्य डिस्क जोडण्याआधी मेमरीत चालणारी छोटी तात्पुरती सिस्टम) सिस्टमडीवर (सेवा सुरू करणाऱ्या कार्यक्रमावर) चालत नाही, त्यामुळे त्यात गेलेला वेळसुद्धा "कर्नल" याच आकड्यात मिळवला जातो. चुकीच्या स्वॅप पार्टिशनची (रॅमला जोड म्हणून ठेवलेल्या डिस्कच्या भागाची) वाट बघत इनिटरॅमएफएस तीसेक सेकंद अडकून राहणं हा नेहमीचा प्रकार आहे, आणि तोही कर्नलचा दोष वाटतो. म्हणून आधी या दोघांची सीमा शोधायची. डीमेसेज ही आज्ञा दाखवते त्या कर्नलच्या नोंदींमध्ये "रन स्लॅश इनिट ॲज इनिट प्रोसेस" अशी एक ओळ असते. तिच्या आधीचं सगळं निव्वळ कर्नलचं, नंतरचं इनिटरॅमएफएसचं. डेबियनवर डीमेसेज सुडोशिवाय (प्रशासकाच्या अधिकाराशिवाय) चालत नाही, तेही सांगून ठेवते.

आमच्याकडे ही ओळ २८.३ व्या सेकंदाला होती. स्वॅपचा संशय तिथेच मिटला.

आता प्रत्येक ओळीच्या डाव्या कंसातल्या वेळा बघत खाली यायचं. डीमेसेजला उणे डी हा पर्याय दिला तर दोन ओळींमधलं अंतरच छापून येतं, डोळ्यांना कमी त्रास होतो. मला वाटलं होतं की उशीर ठिकठिकाणी विखुरलेला असेल. तसं काहीच नव्हतं. ०.३ सेकंदाला "एसीपीआय: एएमएल टेबल्स सक्सेसफुली अक्वायर्ड अँड लोडेड" अशा अर्थाची ओळ (एसीपीआय म्हणजे काय ते पुढे सांगते), एम्बेडेड कंट्रोलरच्या दोन-तीन ओळी, आणि त्यानंतरची "एसीपीआय: इंटरप्रीटर एनेबल्ड" ही ओळ थेट २६.४ ला. मधे काही नाही. चूक नाही, इशारा नाही, एक अक्षर नाही. तीच तपासणी शेजारच्या मशीनवर केली, मग मागच्या रांगेतल्या एकावर. प्लग काढून थंड मशीन चालू करून पाहिलं, नुसतं रीस्टार्ट करून पाहिलं. सगळीकडे तोच खड्डा, तेवढ्याच रुंदीचा.

याच नोंदींमध्ये खाली लाल अक्षरांत "फर्मवेअर लोड करता आलं नाही" अशी एक ओळ होती, रिअलटेकच्या नेटवर्क कार्डाची. एस. वाय.चा एक मुलगा ती बघून म्हणाला, "मॅडम, सापडलं!" पण तिच्या आगेमागे वेळेचं अंतर जवळजवळ शून्य होतं. ती फाइल म्हणजे ड्रायव्हर कार्डावर चढवतो ते फर्मवेअर, नॉन-फ्री-फर्मवेअर विभागातलं फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज टाकलं की ओळ जाते. तसं आम्ही केलंही, आणि उशीर होता तसाच राहिला. अर्थात अशा फाइलमुळेही मशीन अडकू शकतं. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल, रूट फाइलसिस्टम (मुख्य डिस्क) अजून जोडलेली नसताना त्याने फाइल मागितली, आणि कर्नलमध्ये युजर-हेल्परचा (बाहेरच्या कार्यक्रमाकडून फाइल मागवायचा) जुना पर्याय चालू असेल, तर तो कुणीतरी फाइल आणून देईल म्हणून ६० सेकंद थांबतो. तुमचा खड्डा नेमका साठ सेकंदांचा असेल तर आधी तिकडे बघा. ती फाइल इनिटरॅमएफएसमध्ये घातली किंवा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून (नंतर चढवायच्या वेगळ्या फाइलीत) ठेवला की काम होतं.

फेब्रुवारीत पुढची पायरी घेतली. ग्रबच्या मेन्यूत ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी इनिटकॉल_डीबग आणि लॉग_बफ_लेन=१६एम हे दोन शब्द जोडले, कंट्रोल-एक्स दाबून मशीन सुरू केलं. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, पुढच्या वेळी आपोआप जातो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पहिल्या शब्दाने कर्नल प्रत्येक आरंभ-फंक्शनला कधी हाक मारली आणि ते किती मायक्रोसेकंदांनी परत आलं ते लिहीत जातो. नोंदी हजारोंनी वाढतात, म्हणून दुसऱ्या शब्दाने बफर मोठा करायचा, नाहीतर सुरुवातीच्या ओळी पुसल्या जातात. आणि आपल्याला हव्या असतात त्या सुरुवातीच्याच.

उत्तर एका ओळीत मिळालं. एसीपीआय_इनिट हे फंक्शन साधारण २ कोटी ६३ लाख मायक्रोसेकंदांनी परत आलं होतं. दुसऱ्या क्रमांकाचं फंक्शन त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही नव्हतं.

एसीपीआयबद्दल मला तेव्हा फार माहिती नव्हती. थोडक्यात असं: मदरबोर्ड बनवणारा आपल्या बोर्डाचं वर्णन टेबलांमध्ये लिहून बायोसमध्ये ठेवतो. मुख्य टेबल डीएसडीटी, त्याला जोड म्हणून काही एसएसडीटी. त्यात नुसती माहिती नसते, एएमएल नावाच्या बाइटकोडमध्ये छोटे छोटे कार्यक्रमही असतात. कर्नलमधला इंटरप्रीटर ते चालवतो. सुरुवातीला कर्नल प्रत्येक उपकरणाला "आहेस का?" असं विचारतो, ती _एसटीए ही मेथड, आणि असेल तर त्याची तयारी करवतो, ती _आयएनआय. आमचा खड्डा बरोबर या टप्प्यावर होता. म्हणजे वेळ कर्नलच्या नावावर पडत होता, पण कोड बायोसमधला होता. सिस्टमडी-ॲनालाइझमधले "फर्मवेअर ८.१ सेकंद" हे कर्नल सुरू होण्याआधीचे. फर्मवेअरचा हा दुसरा भाग त्यात धरलेलाच नसतो.

बरेच जण अशा वेळी एसीपीआय=ऑफ टाका असं सांगतात. मी एकदा टाकून पाहिलं. मशीन लवकर उठलं खरं, पण एकच कोर दिसायला लागला आणि नेटवर्क कार्ड गायब झालं. ते कायमचं औषध नाही, एवढं मात्र नक्की.

मग टेबलं बाहेर काढली. एसीपीआयसीए-टूल्स या पॅकेजमधली तीन हत्यारं लागतात: एसीपीआयडंप टेबलं वाचून घेतो, एसीपीआयएक्स्ट्रॅक्ट त्यांच्या वेगवेगळ्या फाइली करतो, आयएएसएल बाइटकोडचा वाचता येईल असा मजकूर करून देतो. डीएसडीटी उलगडताना उणे ई देऊन सगळ्या एसएसडीटी सोबत द्याव्या, नाहीतर बाहेरच्या नावांशी त्याचा गोंधळ होतो. हजारो ओळींची फाइल निघाली. ती वरपासून वाचायची नाही. ग्रेप या शोधायच्या आज्ञेने स्लीप, स्टॉल (दोन्ही थांबायला लावणारे) आणि व्हाइल (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा लूप) हे तीन शब्द शोधायचे आणि त्यातले _एसटीए किंवा _आयएनआय यांच्या वाटेवर कोणते येतात ते बघायचं. स्लीपचा आकडा मिलिसेकंदांत असतो, स्टॉलचा मायक्रोसेकंदांत.

आमचा गुन्हेगार दुसऱ्या सिरीयल पोर्टच्या _आयएनआयमध्ये बसला होता. लोकल-झीरो या चलात हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) एफए भरलेलं. खाली व्हाइल. आत पोर्टच्या कार्डाकडून "तयार" असं सांगणारा एक बिट तपासलेला, तो एक झाला तर ब्रेक. नसेल तर स्लीप, हेक्स ६४, आणि लोकल-झीरो एकाने कमी. हेक्स एफए म्हणजे २५०. हेक्स ६४ म्हणजे १००. अडीचशे वेळा शंभर मिलिसेकंद, म्हणजे पंचवीस सेकंद. वरचा एक सेकंद कुठून आला याचाही हिशेब लागला: डेबियन १२चं कर्नल सेकंदाला २५० टिक मोजतं (एक टिक म्हणजे चार मिलिसेकंद), आणि झोपताना मागितल्यापेक्षा कमी झोपू नये म्हणून एक टिक जास्त घेतं. शंभरचे झाले एकशे चार, आणि पंचवीसचे झाले सव्वीस.

त्या संध्याकाळी एका मशीनचं झाकण उघडलं. मागच्या पट्टीवर नऊ पिनांच्या पोर्टाची जागा होती आणि ती काळ्या प्लास्टिकच्या टोपीने बंद केलेली. आत बोर्डावर कार्ड बसवायचा कनेक्टर रिकामा. हेच मॉडेल सिरीयल कार्डासह आणि कार्डाशिवाय अशा दोन प्रकारांत विकलं जातं, बायोस मात्र दोघांना एकच. न बसवलेल्या कार्डाच्या उत्तरासाठी आमची सगळी मशीनं दर वेळी ताटकळत होती.

एक नोंद इथेच करते. तुमच्या फर्मवेअरमधल्या व्हाइलला मोजणीच नसेल, तर लिनक्स ३० सेकंदांनी ते स्वतः तोडतं आणि एई_एएमएल_लूप_टाइमआउट असं लिहून मेथडचं नावही देतं. तसं दिसलं तर माझ्याइतकं खोदावं लागणार नाही. आमचा लूप मोजणीमुळे सव्वीस सेकंदांतच संपत होता, त्यामुळे कर्नलच्या दृष्टीने सगळं नियमात चाललं होतं.

उपाय सोपा दिसत होता: बायोसमध्ये जाऊन तो सिरीयल पोर्ट बंद करायचा. उपकरण नाही असं _एसटीए म्हणाली की _आयएनआय चालवलीच जात नाही. पण बायोसला पुरवठादाराने पासवर्ड टाकलेला होता. फोन केला तर उत्तर आलं, "वॉरंटीचा विषय आहे, मेल करा." मेल केला तर "महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने पत्र पाठवा." मार्चच्या सुरुवातीला पत्र गेलं, जावक क्रमांकासह, स्पीड पोस्टने. उत्तराला महिना उलटला, आणि ते होतं: ही ऑपरेटिंग सिस्टमची अडचण आहे, आम्ही लिनक्सला मदत देत नाही, माणूस पाठवायचा असेल तर भेटीचे २,५०० रुपये.

प्राचार्य सर शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे पुरावा आहे ना, मग तो त्यांना दाखवा." लेखा विभागात याच मॉडेलचं एक मशीन विंडोजवर चालतं. त्याच्या लोगोखाली गोल फिरत राहतो तो वेळ मोबाइलवर चित्रित केला. तेही तसंच रेंगाळत होतं.

दुसरा पुरावा मी एका मशीनवर तयार केला. लिनक्सला बायोसमधल्या टेबलाऐवजी आपलं सुधारलेलं टेबल देता येतं. डीएसडीटीच्या मजकुरात एफएच्या जागी ०१ केलं, पहिल्या ओळीतला ओईएम रिव्हिजनचा आकडा एकाने वाढवला (तो वाढवला नाही तर कर्नल नवं टेबल घेत नाही), आयएएसएलने परत बाइटकोड केला. कर्नल, त्यात फर्मवेअर, त्यात एसीपीआय अशा फोल्डरमध्ये ती फाइल ठेवून, न दाबलेलं सीपीआयओ (फाइलींचं गाठोडं) करून ग्रबला मूळ इनिटरॅमएफएसच्या आधी वाचायला लावलं. सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टम सुरू करू देणारी सोय) चालू असेल तर कर्नलच्या लॉकडाउन या बंधनामुळे हे चालत नाही. आमच्याकडे ते आधीपासून बंद होतं. मशीन सुरू केलं आणि एसीपीआय_इनिट क्षणात परत आलं. कर्नलचा आकडा ३१.४ वरून ५.२.

मुलांनी विचारलं, "मॅडम, मग सगळ्यांवर हेच टाकूया ना?" मी नाही म्हटलं. उद्या कुणी बायोस अपडेट केला तर जुनं टेबल नव्या बायोसवर बसेल आणि काय बिघडेल सांगता येत नाही. शिवाय कर्नल अशा मशीनवर टेन्टची (मूळ रूप बदललं आहे अशी) खूण करतो. सिद्ध करायला ही युक्ती उत्तम, वर्षानुवर्षं चालवायला नाही.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. त्या तशाच उरकल्या. लाइट गेली की वेळ वाढवून द्यायची परवानगी आधीच लेखी घेऊन ठेवली होती. मे महिन्यात दुसरं पत्र गेलं. सोबत डीमेसेजच्या दोन प्रिंट, सुधारणेआधीची आणि नंतरची, तो लूप असलेलं पान पिवळ्या पेनने रंगवलेलं, रिकाम्या कनेक्टरचा फोटो, आणि विंडोजचा व्हिडिओ मेलने. यावेळी फोन आला. बोलणारे गृहस्थ तांत्रिक विभागातले होते, त्यांना पान बघूनच मुद्दा कळला. पासवर्ड देतो म्हणाले, पण सगळ्या मशीनचे सिरीयल नंबर हवेत.

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये काही नंबर पुसट लिहिले होते आणि मशीनं भिंतीला चिकटवून मांडलेली, मागचं स्टिकर वाचायचं म्हणजे प्रत्येक ओढायचं. त्यापेक्षा डीएमआयडीकोड ही आज्ञा सिस्टम-सीरियल-नंबर या शब्दासह एसएसएचवरून (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर आज्ञा चालवायची सोय) सगळ्यांवर चालवली, जागेवर बसून यादी झाली. बायोसची आवृत्तीही तशीच मिळते. ती यादी प्राचार्यांच्या सहीने गेली आणि जूनमध्ये, कॉलेज उघडता उघडता, पासवर्ड हातात आला.

दोन विद्यार्थी सोबत घेऊन एका दुपारी सगळ्या मशीनवर सिरीयल पोर्ट दोन बंद केला. जे मशीन माझ्या टेबलावर चालत होतं, त्याच्यावरचं बदललेलं टेबल काढलं आणि तेही याच मार्गाला लावलं. एकूण वेळ चोपन्नवरून अठ्ठावीस सेकंदांवर आला. रॅम घेतली नाही, एसएसडी बदलली नाही, भेटीचे पैसेही लागले नाहीत. सुधारित बायोस मात्र हे लिहीपर्यंत आलेला नाही. त्या विनंतीची फाइल मी उघडी ठेवली आहे.

एक गोष्ट दिवाळीनंतर कळली. सुट्टीत सगळ्या मशीनचे प्लग काढले होते. उघडल्यावर एक मशीन पुन्हा रेंगाळायला लागलं आणि त्याचं घड्याळही मागे गेलेलं. बोर्डावरचा सेल संपला होता, त्यामुळे बायोसच्या सेटिंग मूळ जागी गेल्या आणि सिरीयल पोर्ट परत चालू झाला. जळगावला गोलाणी मार्केटमधून सीआर२०३२ सेल आणले, ४० रुपयांना एक. काही जास्तीचे घेऊन कपाटात ठेवलेत आणि डेडस्टॉक रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात "सेल बदलल्यावर सिरीयल पोर्ट २ बंद करणे" असं लिहून ठेवलंय. आता प्रत्येक मशीन सुरू झाल्यावर सिस्टमडी-ॲनालाइझची ओळ सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये पाठवतं. कर्नलचा आकडा दहाच्या वर दिसला की त्या मशीनचा नंबर मी नानांना सांगते, ते झाकण उघडून ठेवतात आणि मी सेल घेऊन जाते.